भूक नसतानाचे उपवास

बाई,

मी हे मराठीत लिहिते आहे. तुला मराठी वाचता येत नव्हतं आणि घरात आपण मायलेकी मारवाडीच बोलायचो, पण मारवाडीत लिहायला बसले की दुसऱ्या ओळीलाच हात थांबतो. मराठी माझी शाळेची भाषा. तिच्यात मी गाईवर निबंध लिहिला, रजेचे अर्ज लिहिले, लग्नानंतर दुकानाची पत्रं लिहिली. तिच्यात तुझ्याशी मी कधी खोटं बोलले नाही, कारण तिच्यात तुझ्याशी कधी बोललेच नाही. दुपारचे तीन वाजलेत. सासूबाई आतल्या खोलीत पडल्या आहेत, धाकटी त्यांच्या कुशीत झोपली आहे, थोरली बाहेर ओट्यावर सागरगोटे खेळते आहे. मी स्वयंपाकघरात खाली बसून, पाटावर कागद ठेवून लिहिते आहे. आज माझ्या उपवासाचा तिसरा दिवस. त्यामुळे मला कोणी काम सांगत नाही, उलट मी भांड्याला हात लावला तरी काढून घेतात.

तुला जाऊन सोळा वर्षं झाली. तू गेलीस तेव्हा आपण मुंबई राज्यात होतो, आता महाराष्ट्रात आहोत. मला तापीपलीकडे शहाद्याला दिलं. माणसं चांगली आहेत, किराण्याचं दुकान आहे, दोन मुली आहेत. हे सगळं सावकाश सांगायला हवं, पण तेवढा जीव नाही. मी थकले आहे, बाई. काम करून माणूस थकतं तशी नाही. उठते तीच थकलेली उठते. वेणी घालायला हात वर नेले की मध्येच खाली आणावेसे वाटतात. शेवटच्या वर्षी तुझी वेणी मी घालत होते. तेव्हा मला वाटायचं, मी मोठी झाले म्हणून तू मला घालू देतेस.

हे सुरू झालं धाकटीच्या वेळी. बाळंतपण सुखरूप झालं, पण डिंकाचे लाडू डब्यात तसेच राहिले. एकदा चुलीवर दूध उतू जात होतं आणि मी समोर बसून बघत होते; उठावं हे कळत होतं, उठवत नव्हतं. कोणी म्हणालं बाळंतरोग, कोणी म्हणालं नजर. माझे यजमान अबोल माणूस. त्यांनी एक दिवस दुकान भावावर सोपवलं आणि मला एस.टी.ने नंदुरबारला आणि तिथून गाडीने सुरतेला नेलं. तिथे मनाच्या आजाराचे एक वयस्क डॉक्टर होते. त्यांनी पहिलंच विचारलं, "भूख लागे छे, बेन?" माझ्याआधी यजमानच बोलले, "डॉक्टरसाहेब, ही तपस्विनीची मुलगी आहे. उपवासाची सवय आहे हिला." सांगताना आवाजात अभिमान होता. डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मोडक्यातोडक्या मराठीत मला म्हणाले, "उपवास नसता, तर जेवल्या असत्या का?" बाई, हे मला कुणीच विचारलं नव्हतं. तुलाही कुणी विचारलं नव्हतं. मी मानेनेच नाही म्हटलं आणि त्या परक्या माणसासमोर मला कित्येक महिन्यांनी रडू आलं.

त्यांनी गोळ्या दिल्या. तुझ्या वेळी त्या नव्हत्या. निदान आपल्याकडे कुणी त्यांचं नाव ऐकलं नव्हतं. लहानशी, तपकिरी, वरून गुळगुळीत गोळी. तीन आठवडे काही झालं नाही, फक्त तोंडाला कोरड पडायची आणि पोट साफ होईना. हे म्हणाले, गोळीने तर नवीनच दुखणं आणलं. मग एका सकाळी जाऊबाईंनी मेथीला फोडणी दिली आणि मला भूक लागली. तुला कसं सांगू, साधी भूक, शाळेतून आल्यावर लागायची तशी. मी उभ्या उभ्या, ताटसुद्धा न घेता, दीड भाकरी खाल्ली. जाऊबाई बघत राहिल्या. मला त्या दिवशी इतका आनंद झाला आणि लगेच तुझी इतकी आठवण आली, की शेवटचा घास गिळताना ठसका लागला. तुला दीड भाकरी मिळाली असती तर, असं वाटत राहिलं. गोळी म्हणायची होती मला. पण वाटलं ते असंच वाटलं.

दोन वर्षं घेतल्या. या उन्हाळ्यात डॉक्टर म्हणाले, आता हळूहळू उतरू. तीनच्या दोन, दोनच्या एक, मग अर्धी. प्रत्येक पायरीवर आठ-दहा दिवस वाईट जायचे. मळमळ, घाम, स्वप्नांत माणसं ओरडायची, दिवसा मुलींवर मी ओरडायचे. मग बसायचं सगळं. गोळी कमी होत गेली तसं खाणं मात्र ठरवून दिलं. दर तीन तासांनी काहीतरी पोटात गेलंच पाहिजे, भूक असो नसो. दूध, खजूर, शेंगदाणे, मोड आलेले मूग, पालेभाजी. जोडीला ब जीवनसत्त्वाच्या पिवळ्या गोळ्या आणि यीस्टच्या गोळ्या. सासूबाईंनी यीस्टची बाटली हातात घेऊन विचारलं, हे कशाचं? मी म्हटलं, आंबवतात ना, त्यातलं. झालं. ती बाटली तीन दिवस देवघराबाहेरच्या कोनाड्यात, ना घरात ना बाहेर. शेवटी कंपाउंडरला विचारून आणलं, की यात मांस नाही, मासळी नाही, तेव्हा ती आत आली. मग चातुर्मास लागला आणि पालेभाजी बंद झाली. सूर्यास्तानंतर पाणीही नाही, म्हणजे रात्रीचं दूधही गेलं. खाई त्याला खवखवे म्हणतात. आमच्या घरी मी एकटीच दर तीन तासांनी खाणारी, म्हणून सगळ्यांचे डोळे माझ्या वाटीवर. पण चिडून तरी मी खात होते. डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं, "खाण्याने हा आजार बरा होतो असं मी म्हणत नाही. खाणं ही खूण आहे. शितावरून भात कळतो. घास नकोसा झाला, तर त्याच आठवड्यात मला येऊन सांगायचं. लपवायचं नाही." मी हो म्हटलं होतं. शेवटची अर्धी गोळी बंद होऊन आज सहा आठवडे झाले.

तू आधी जेवायचीस, हे मी विसरत नाही. नंदुरबारच्या आपल्या स्वयंपाकघरात उतरत्या दुपारी तू तव्यावर लाल मिरची भाजतेस, दादर ज्वारीच्या भाकरीवर तेल सोडतेस, मिरची हातानेच चुरडून मीठ टाकतेस आणि भिंतीला टेकून खातेस. डोळ्यांतून पाणी येतंय आणि तू हसतेस. बापूजींचा मिरचीचा व्यापार, घरभर तिचा खाट, नाकाला झोंबणारा. पाहुणे दारातच शिंकायचे आणि तू म्हणायचीस, शिंकला म्हणजे आपला झाला. ही बाई कधी गेली ते मला नक्की सांगता येत नाही. धाकटा भाऊ जन्मून नवव्या दिवशी गेला, त्याच्यानंतर असेल. मला एवढंच आठवतं, की भाकरी दोनाची एक झाली, एकाची चतकोर झाली, आणि मग पर्युषण आलं आणि तू आठ दिवसांची अठाई बोललीस. फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवसा. घरात केवढा आनंद. पहिल्यांदाच करते आहे, आणि एकदम आठ.

तुझ्या पाचव्या दिवशीची दुपार. मागच्या अंगणात मिरचीची देठं खुडायला बायका बसत. त्यांतली ती एक म्हातारी, बोटांना चिंध्या गुंडाळून बसायची ती. तू तिला पाणी द्यायला गेलीस, मी तुझ्या पदराला धरून. तिने लोटा घेतला नाही, तुझ्याकडे बघत राहिली.

"शेठानी, रीस नको मानू. हाऊ उपास नही शे. तुले भूकच लागस नही."

तू लोटा आणखी पुढे केलास.

"मन्ही माय बी आशीच व्हयेल व्हती," ती म्हणाली. "घरमा कोनले तरी सांग."

तू लोटा तिच्यासमोर ठेवलास आणि आत आलीस. पाण्याच्या माठाशी बसलीस. मी अकरा वर्षांची, मला वाटलं तुला राग आला. मी म्हटलं, बाई, ती खोटं बोलते ना? तू म्हणालीस, "म्हने भूख कोनी लागे, बेटा. उपवास सोपा जाय. खाणो दोरो लागे." मला भूकच लागत नाही; उपवास सोपा जातो, खाणं अवघड जातं. आणि मग माझा हात धरून म्हणालीस, "कोई ने मत कहीजे."

मी कोणाला सांगितलं नाही. मी आज्ञाधारक होते असं मला पुष्कळ वर्षं वाटत आलं. पण तीन दिवसांनी तुझी मिरवणूक निघाली, बाई. बाजारातल्या व्यापाऱ्यांनी दुकानं बंद केली. बँड होता, बग्गी होती. तू लाल साडीत, मेंदी लावून, मान खाली घालून बसलेली, आणि तुझ्या शेजारी मी, जरीचा परकर घालून. वर्गातल्या सगळ्या मुली रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. एका आत्याने माझ्या हातात चांदीची वाटी दिली आणि म्हणाली, तपस्विनीची मुलगी. बापूजी बग्गीपुढे अनवाणी चालत होते, त्यांना मी कधी इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. मी सांगितलं असतं तर हे सगळं थांबलं असतं. हे मला तेव्हाही थोडंसं कळत होतं. अकरा वर्षांच्या मुलीला किती कळतं, असं लोक म्हणतील. पुरेसं कळतं.

पुढच्या फाल्गुनात तू वर्षीतप धरलंस. एक दिवस उपवास, एक दिवस जेवण, असं वर्षाच्याही वर, अक्षय्य तृतीयेला उसाचा रस पिऊन सोडायचं. आता कुणी विचारणारच नव्हतं. ज्या दिवशी उपवास, त्या दिवशी तू जेवत नव्हतीस म्हणून लोक पाया पडायचे; ज्या दिवशी जेवण, त्या दिवशी तू दोन घास खायचीस आणि लोक म्हणायचे, पाहा, जिभेवर केवढा ताबा. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या मुठीत काय होतं ते तुला माहीत होतं आणि मला.

एक गोष्ट मात्र तू केलीस. दिवाळीच्या सुट्टीत मी ठरवलं, आपणही तुझ्यासारखं एक दिवसाआड जेवायचं. सकाळपासून काही खाल्लं नाही, पोटात कावळे ओरडत होते आणि मी ऐटीत सगळ्यांना सांगत होते. तुला कळलं. तू उठलीस. उठायला तुला किती वेळ लागला ते मला दिसतंय, भिंत धरून, मग दाराची चौकट धरून. मला स्वयंपाकघरात नेऊन बसवलंस, भाकरी कुस्करलीस, दूध-गूळ घातलास आणि भरवायला लागलीस. मी तोंड फिरवलं तर गालावर चापट मारलीस. आयुष्यात एकदाच. म्हणालीस, भूक असून जो जेवत नाही त्याचा उपवास. तुला भूक आहे, तू लहान आहेस, तू जेव. आणि भूक नसेल त्या दिवशी उपवासाचं नाव घेऊ नकोस. मी रडत रडत सगळी वाटी संपवली, तीच चांदीची वाटी. तू रिकाम्या वाटीकडे बघत बसलीस. त्या दिवशी तुझा जेवणाचा वार होता आणि तू काही खाल्लं नव्हतंस.

पौषात तुला साधा ताप आला. चौथ्या दिवशी तू गेलीस. अंगात काही नव्हतंच. लोक म्हणाले, पुण्यवान, व्रतात गेली. बापूजींना तेवढाच आधार होता, तो मी कशी काढून घेणार? ते गेले तोवर तुझं नाव निघालं की डोळे पुसून म्हणायचे, अशी तपस्या आमच्या घराण्यात कुणी केली नाही. मी मान हलवायचे.

आता आजचं. परवा सकाळी दूध आणि चार खजूर समोर आले आणि घास वर जाईना. तोंडात घातलेला खजूर लाकडासारखा फिरत राहिला. मी तो हळूच काढून पदरात घेतला आणि दूध वासराच्या घमेल्यात ओतलं. थोरली दारात उभी होती. सहा वर्षांची आहे, तिच्या नजरेतून काही सुटत नाही. तिने विचारलं, तुला भूक नाही का? तेवढ्यात सासूबाई आल्या, म्हणाल्या, दूध घेतलंस का? आणि मी म्हटलं, नाही, आज उपवास करते. एवढं सोपं होतं, बाई. त्यांचा चेहरा उजळला. उन्हाळ्यापासून त्या माझ्या वाटीकडे बघत होत्या, त्यांना वाटलं सून बरी झाली. जैन स्थानकात नेऊन साध्वींकडून पच्चक्खाण, उपवासाचा नेम, घ्यायला लावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उपवास, म्हणजे बेला. आज तेला. काल त्यांनी माझे पाय दाबले, सुनेचे, आणि सुखात आहेस ना म्हणून विचारलं, "शाता है?" मी म्हटलं, देव-गुरु-धर्माचा प्रताप. तूही हेच म्हणायचीस, असल्याच आवाजात. मला माझा आवाज ओळखू आला नाही.

परवापासून पर्युषण आहे. सासूबाईंनी जाऊबाईंना सांगून ठेवलं आहे, ही आईसारखी अठाई करणार, बँड नंदुरबारहून आणू. ह्यांनी, मुलींच्या भाईजींनी, काल दुकानातून आल्यावर मला एकदाच विचारलं, "उपवासच आहे ना?" डॉक्टरांचं बोलणं त्यांच्या लक्षात आहे. मी त्यांच्याकडे पाहून म्हटलं, उपवासच. माझ्या त्या गोळ्यांसाठी ते दर दोन महिन्यांनी सुरतेला गेले, लोकांना मालाला जातो म्हणून सांगून. त्यांच्या तोंडावर मी खोटं बोलले. मला लाज वाटायला हवी. पण लाज वाटायलाही थोडी ताकद लागते. खरं सांगू, मला बरंच वाटलं. तीन तासांनी येणारी ती वाटी थांबली. सगळे गोड बोलतात. काही करावं लागत नाही. तू का बोलली नाहीस ते मला या तीन दिवसांत पूर्ण कळलं. मी तुझ्यावर आतून रागावलेली होते, सोळा वर्षं, की तू मला सांगितलंस आणि बापूजींना नाही. आता राग नाही. तुलाही असंच बरं वाटलं असेल.

पण एक राहिलं सांगायचं. सासूबाई वळल्या तेव्हा थोरली तिथेच उभी होती. तिच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नव्हतं. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "कोई ने मत कहीजे." तेच शब्द. ठरवून नाही, तोंडातून आले. तिने मान हलवली. तीन दिवस झाले, तिने कुणाला सांगितलेलं नाही. मघाशी मी खिडकीतून पाहिलं, तर शेजारणीला ती सांगत होती, माझ्या आईचा तेला आहे. ऐटीत.

लिहिता लिहिता मी उठले होते, बाई. भिंत धरून. थोरलीला आत बोलावलं आणि म्हटलं, दुकानात जा आणि तुझ्या भाईजींना सांग, आईला भूक लागत नाही. ती म्हणाली, पण तुझा उपवास आहे ना? मी म्हटलं, उपवास नाही. ती म्हणाली, तूच म्हणालीस कोणाला सांगू नको. मी म्हटलं, आता सांग. तिने ते वाक्य माझ्यासमोर दोनदा म्हणून दाखवलं, शाळेत कविता म्हणतात तसं, आणि सागरगोटे माझ्या पाटावर ठेवून गेली. चप्पलही घातली नाही.

हे पत्र पाठवायचं नाहीच, पाठवणार तरी कुठे. कागद चुलीच्या कोनाड्यात राहील, संध्याकाळी जाळायला होईल. दुकान तीन गल्ल्या पलीकडे आहे, आज बाजाराचा दिवस, ते बंद नसणार हे मला पक्कं माहीत आहे. तरी पोरगी कोपऱ्यावर वळली तेव्हा माझ्या मनात आलं, बंद असलं तर बरं.